विषय: ‘बंदुकीचा खेळ’ म्हणून नाकारलेलं व्याख्यान

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि व्याख्यानमाला समितीचे सर्व सदस्य,
आपलं मंडळ, इंदूर

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. इंदुरात मराठी मंडळं पुष्कळ, आणि ज्यांना कळायचं त्यांना एव्हाना कळलं असेल. पत्र खुलं लिहितोय, कारण मी पाकिटात घालून दिलेल्या दोन पानी टिपणाला उत्तर आलं ते व्हॉट्सॲप ग्रुपवर, १८० जणांसमोर, एका ओळीत: ‘बंदुकीच्या खेळावरचं व्याख्यान आपल्या मालेत शोभणार नाही.’ त्याखाली ९ अंगठे. त्यातला एक माझ्या मावशीचा. तिला फोन केला तर म्हणाली, ‘अरे, मी सगळ्यांनाच अंगठा देते, वाचते कुठे!’ तेव्हा आठच धरू.

टिपण कुणी वाचलं का, हे विचारत नाही. त्यात लिहिलं होतं की ‘हाफ-लाइफ २’ या व्हिडिओ गेमवर मला तासभर बोलायचं आहे. तो कुठे थोर आहे आणि कुठे साफ फसला आहे, दोन्ही. मी भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. या खेळाचा नायकही भौतिकशास्त्रज्ञ आहे. होळकर कॉलेजात बीएस्सी करत असताना, २००५ साली, रामबागेतल्या एका मित्राच्या घरी जेल रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या कॉम्प्युटरवर मी तो पहिल्यांदा खेळलो आणि तेव्हापासून या ना त्या निमित्तानं खेळत आलोय. यापलीकडे माझी पात्रता काही नाही. पण मागच्या वर्षी आपल्याकडे मधुमेहावर बोलून गेलेले गृहस्थ निवृत्त बँक मॅनेजर होते, म्हणून म्हटलं चालेल.

तर व्याख्यान इथेच देतो. नंतरचा वडा आणि चहा बुडाला, तेवढं नुकसान सोसतो.

पहिला ‘हाफ-लाइफ’ आला नोव्हेंबर १९९८ मध्ये. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा तो पहिलाच खेळ; मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये ती काढली होती. गोष्ट अशी की जमिनीखालच्या एका संशोधन केंद्रात प्रयोग बिघडतो, दुसऱ्याच जगातले प्राणी आत घुसतात, आणि गॉर्डन फ्रीमन नावाचा चष्मेवाला पीएचडी हातात कटावणी घेऊन बाहेरची वाट शोधतो. खेळ तुफान गाजला. पुढचा भाग यायला ६ वर्षं गेली. मध्येच, २००३ साली, त्याचा अर्धामुर्धा सोर्स कोड, म्हणजे खेळाचा मूळ प्रोग्राम, चोरीला जाऊन इंटरनेटवर पसरला, तारीख पुढे ढकलली गेली, आणि अखेर १६ नोव्हेंबर २००४ ला तो बाजारात आला.

दुसऱ्या भागाची सोपी रीत आपल्याला सिनेमांवरून ठाऊक आहे: तेच सगळं पुन्हा, जरा मोठ्या आवाजात. या मंडळींनी ती प्रयोगशाळाच टाकून दिली. मध्ये सुमारे २० वर्षं गेली आहेत. ‘कंबाइन’ नावाच्या परक्या सत्तेनं ७ तासांत पृथ्वी जिंकली आहे. त्याच संशोधन केंद्राचे जुने प्रशासक, डॉ. ब्रीन, आता त्या सत्तेचे मांडलिक होऊन माणसांचा कारभार बघतात. हे कसं घडलं ते सविस्तर कुणीच सांगत नाही. पुढे एका भिंतीवर वर्तमानपत्राची चार कात्रणं दिसतात, तेवढ्यावर भागवायचं. पहिला भाग न खेळलेला माणूस इथे बावचळतो. ही तक्रार खरी आहे. मला मात्र ते आवडतं; परगावच्या स्टेशनवर रात्री उतरल्यावर कुणी आपल्याला गावाचा इतिहास सांगायला थांबत नाही.

आणि खेळ सुरू होतो तो स्टेशनवरच. गाव ‘सिटी १७’. फ्रीमनच्या हातात काहीही नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. भिंतीएवढ्या पडद्यावर ब्रीनसाहेबांचं भाषण चालू आहे. एक बाई जाळीपाशी थांबली आहे. तिच्या नवऱ्याला वाटेत चौकशीसाठी उतरवून घेतलंय, पुढच्या गाडीनं येईल असं तिला सांगितलंय. पुढे गेलं की मुखवटा घातलेला एक शिपाई वाट अडवून उभा. तो दंडुक्यानं शीतपेयाचा रिकामा कॅन खाली पाडतो आणि तुम्हाला म्हणतो, उचल. उचललात की म्हणतो, कचरापेटीत टाक.

आता आपण इंदूरचे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं यायची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या आईला, वय ७१, मी एवढ्या प्रसंगापुरतं कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिनं मुकाट कॅन उचलला, पेटीपाशी नेला आणि मला विचारलं, ‘ओल्याची की सुक्याची?’ मग क्लासमधल्या एका मुलाला बसवलं. त्यानं कॅन नेमका शिपायाच्या मुखवट्यावर हाणला, दंडुके खाल्ले, आणि म्हणाला, ‘सर, फिर से!’

दोघांनाही अर्ध्या मिनिटात कळलं की वस्तू कशी उचलायची आणि कशी फेकायची. पुढचा बराचसा खेळ या दोन क्रियांवर उभा आहे. आणि त्याच अर्ध्या मिनिटात या गावात आपली किंमत काय, हेही दोघांना कळलं. मी १७ वर्षं शिकवतोय. एकाच कृतीतून दोन धडे मुलांपर्यंत पोहोचवणं मला वर्षातून एखाद्या दिवशी जमतं, आणि त्या दिवशी मी घरी जाताना सराफ्यात थांबून जिलबी खातो.

वस्तूंबद्दल जरा सविस्तर बोलू द्या, माझा विषय आहे. तोवरच्या बहुतेक खेळांतल्या वस्तू म्हणजे नाटकाच्या पडद्यावर रंगवलेली झाडं. दिसायची, पण सावलीत बसता यायचं नाही. इथे खोक्याला वजन आहे, लाकडी फळी तरंगते, पिंप गडगडतं. त्यासाठी त्यांनी डब्लिनमधल्या हॅवॉक या कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊन ते आपल्या गरजेप्रमाणे पुष्कळ बदललं. असं सॉफ्टवेअर बाकीच्यांनाही विकत मिळत होतं. त्यांनी पेटी फुटल्यावर तुकडे छान उडावेत एवढ्यापुरतं ते वापरलं. व्हॉल्व्हनं त्याचा अभ्यासक्रम केला.

शहराच्या कालव्यांतून पळताना एका ठिकाणी वाट उंचावर आहे. मध्ये आधारावर टेकवलेली एक लांब फळी, शेजारी सिमेंटच्या विटा पडलेल्या. बस. हे कोडं मी लॅपटॉपवर क्लासमध्ये लावलं होतं. एरवी मी फळ्यावर ‘बल आघूर्ण’ लिहिलं की ६० मुलं तो शब्द वहीत उतरवतात आणि ६० च्या ६० विसरतात. इथे पहिल्या मुलानं विटा फळीच्या मध्याजवळ रचल्या. फळी ढिम्म. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘अरे भिया, किनारे पे रख!’ त्यानं त्याच विटा टोकाला नेल्या आणि फळीचं दुसरं टोक वर आलं. आधारापासूनच्या अंतराला काय महत्त्व आहे, हे त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. पुढे एक रॅम्प वर उचलायला त्याच्याखाली पाण्यात रिकामी पिंपं कोंबावी लागतात. तिथे आर्किमिडीजनं हजेरी लावली.

मग येते ग्रॅव्हिटी गन. नावात गन आहे म्हणून दचकू नका. दुरून वस्तू ओढून घेणारं आणि जोरात फेकणारं ते एक यंत्र आहे, त्यात गोळी नसते. ते वापरायला शिकवते ॲलिक्स, कंबाइनविरुद्ध लढणारी एक तरुणी, आणि ते कसं, तर ‘डॉग’ नावाच्या तिच्या यंत्रमानवाबरोबर भंगाराच्या अंगणात तुम्हाला चेंडूफेक खेळायला लावून. खेळ रंगात आला असतानाच हल्ला होतो आणि तुम्हाला एकट्यालाच रेवनहोम नावाच्या उजाड खाणगावाच्या वाटेला लावलं जातं. तिथे शिरल्याबरोबर करवतीची गोल पाती भिंतीत रुतलेली दिसतात आणि त्यांच्यापाशी दोन तुकडे झालेलं एक प्रेत. तुम्ही पातं ओढून घेता, तोच समोरून दुसरं एक प्रेत चालत येतं. पुढे काय करायचं ते सांगायला कुणी नसतं आणि सांगायची गरजही नसते. त्या गावात एक वेडसर पाद्री छपरांवरून फिरत असतो, आपल्याच गावकऱ्यांना गोळ्या घालून मुक्ती देत. इतका विचित्र माणूस या खेळात दुसरा नाही, आणि तो लवकर संपतो.

(मास्तर म्हणून एक चूक दाखवल्याशिवाय राहवत नाही. ही गन जडशीळ पिंप दूर भिरकावते आणि फ्रीमन मात्र तसूभरही मागे सरकत नाही. न्यूटनचा तिसरा नियम इथे रजेवर आहे. माझ्या पेपरात अर्धा गुण कापला असता.)

या शहराबद्दल बोललो नाही तर अन्याय होईल. खेळाचे कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनोव्ह जन्मानं बल्गेरियातल्या सोफियाचे. २०२५ मध्ये ते गेले. राजवाड्यासमोर उभं राहून कधी वर बघितलंत? खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, आणि १९८४ च्या आगीनंतरची डागडुजी. गाइड नसला तरी डोळ्यांना काळाचे थर मोजता येतात. सिटी १७ तसंच वाचावं लागतं. जुन्या युरोपी इमारतींची नक्षी, तिला खेटून साम्यवादी काळातले सिमेंटचे ठोकळे, आणि या दोन्हींच्या छातीत घुसलेलं परकं, काळपट निळं धातूकाम. सुरुवातीलाच मुलांची एक बाग लागते. खेळणी आहेत, मूल नाही. अख्ख्या खेळात एकही मूल दिसत नाही. ब्रीनचं भाषण लक्ष देऊन ऐकलं तर कारण कळतं: परक्या सत्तेनं माणसांची प्रजननशक्तीच दाबून टाकली आहे. भाषण न ऐकता पुढे गेलात तरी ती बाग मनात राहते. पुढे समुद्रकिनाऱ्यावर जुने धक्के पाण्यापासून कितीतरी उंच, अधांतरी उभे दिसतात. समुद्र खाली गेलाय. तिथेही थांबून समजावणारं कुणी नाही.

किनाऱ्यालाच एक रेल्वेचा पूल आहे आणि त्याच्या खालच्या लोखंडी तुळयांवरून चालत पलीकडे जायचं आहे. बराच वेळ संगीत नाही, वारा आहे आणि लोखंडाचं कुरकुरणं आहे. माझा तो रामबागेतला मित्र या ठिकाणी खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा. आता तो बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत आहे, पण उड्डाणपुलावर गाडी थांबली की अजून पाय आखडतात, असं मागच्या दिवाळीत सांगत होता.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा तर प्रचारच चालला आहे. तर आता दुसरी बाजू. ती छोटी नाही.

या खेळातली माणसं बोलायला लागली की खेळ मरतो. खरं तर चेहऱ्यांवर त्यांनी अतोनात मेहनत घेतली होती. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींचं जे वर्गीकरण केलं, त्यावर या पात्रांचे हावभाव बेतलेले आहेत. ॲलिक्सची नुसती भुवई हलली तरी २००५ साली आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो. पण ती बोलते कुणाशी? फ्रीमन मुका आहे. पहिल्या भागात ते खपलं, कारण तिथे तो बहुतांशी एकटा होता. इथे जो भेटेल तो त्याची थोरवी गातो, त्याच्यावर जग वाचवायची जबाबदारी टाकतो, त्याला प्रश्न विचारतो, आणि गडी ढिम्म बघत राहतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा तोंड उघडत नाही आणि घरची मंडळी त्याच्या पगाराचे आकडे सांगत सुटतात, हुबेहूब तसं.

मध्येच पडदा टाकून सिनेमा दाखवायचा नाही, कॅमेरा फ्रीमनच्या डोळ्यांतून हलवायचा नाही, असा त्यांचा नेम. नेम उत्तम. पण मग फ्रीमनचे जुने सहकारी डॉ. क्लायनर यांच्या प्रयोगशाळेत आपल्याला कोंडून चार जणांचं बोलणं संपेपर्यंत उभं करायचं आणि वर म्हणायचं, बघा, आम्ही तुमचे हातपाय बांधले नाहीत! (आपल्या वर्धापनदिनाला अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत वड्यांचं पातेलं कुलपात असतं, त्याची आठवण होते. राग नसावा.) तेवढ्या वेळात मी टेबलावर चढलो, समोरचं सामान उधळलं, बोलणाऱ्याच्या तोंडासमोर उड्या मारल्या. त्यांचं संभाषण जसंच्या तसं पुढे चालू. या खेळात खोक्याला ढकललं तर ते नेमकं जेवढं सरकायला हवं तेवढं सरकतं, आणि माणसाला ढकललं तर त्याला कळतही नाही. माझ्या मते दुसऱ्या भागाचं सगळ्यांत मोठं अपयश हे.

शेवटाकडे शहरात उठाव होतो आणि बंडखोर टोळक्यानं फ्रीमनच्या मागे फिरायला लागतात. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यामागच्या बोळात कधी अडकला असाल तर वेगळं सांगायला नको. दारात हेच उभे, जिन्यात हेच उभे, गोळी झाडायला वळलं की नळीसमोर हेच. माफी मात्र फार अदबीनं मागतात.

होडीचा भाग लांबला आहे. सुरुवातीला मजा येते, मग नुसता कालवा, पुढे आणखी कालवा. गाडीच्या भागात निदान उतरून पडक्या घरांमध्ये डोकावता येतं. आणि धावता धावता बोळाच्या मधोमध चित्र थिजून पुढचा तुकडा लोड होण्याची वाट बघायची, हे तर रंगात आलेल्या ठुमरीत तबलजीनं हातोडी काढून तबला ठोकायला बसण्यासारखं. शिवाय डिस्क विकत घेतलेल्यालाही तो खेळ इंटरनेटवरून व्हॉल्व्हच्याच स्टीम या सेवेत नोंदवावाच लागे. टेलिफोनच्या तारेवरून नेट चालवणाऱ्या तेव्हाच्या घरांना ही अट जाचक होती. पुढे सगळा बाजारच त्या वाटेनं गेला, ही गोष्ट वेगळी.

आता खास समितीसाठी. ‘बंदुकीचा खेळ’ म्हणून तुम्ही जो नाकारलात, त्यातल्या बंदुकाच सगळ्यांत लंगड्या आहेत. पिस्तूल हातात खेळण्यासारखं हलकं, मशिनगन फटाक्यांच्या लडीसारखी तडतडते आणि गोळी लागल्याचं समोरच्याला उशिरा समजतं. १९९८ च्या पहिल्या भागातले सैनिक बगल देऊन मागून यायचे, हातबॉम्ब टाकून आपल्याला आडोशातून हुसकवायचे. ६ वर्षांनंतरचे हे सैनिक पुष्कळदा समोरून येतात आणि पडतात. बंदुकांसाठीच कुणाला खेळायचं असेल तर त्याच काळात याहून चांगली दुकानं उघडी होती.

मी वर म्हटलं होतं, सुरुवातीला हातात काही नाही हे ध्यानात ठेवा. शेवटही तसाच आहे. शत्रूच्या किल्ल्यात शिरताना एक यंत्र तुमची सगळी शस्त्रं नष्ट करतं. ग्रॅव्हिटी गन तेवढी उरते, आणि तिथल्या ऊर्जेनं तीच बदलून जाते. केशरी होती ती निळी पडते. तोवर फक्त वस्तू फेकणारं ते यंत्र आता माणसं उचलून भिंतीवर आपटू लागतं.

आणि इथे, खरं सांगतो, पारडं तुमच्याकडे झुकतं. ते सैनिक मुळात माणसं आहेत, कापून-जोडून बदललेली. त्याच किल्ल्यात तुम्हाला हातपाय तोडून यंत्रं बसवलेली हाडकुळी माणसं कामाला जुंपलेली दिसतात आणि पोटात कालवतं. त्यानंतर तुम्ही डझनांनी सैनिक भिरकावता, आणि ते करताना मजा येते. खेळाला दोन्ही गोष्टी माहीत आहेत, पण तो त्यांना समोरासमोर आणत नाही. अगदी सुरुवातीला, स्टेशनवर, एका शिपायाचा मुखवटा उतरतो आणि आतून जुना मित्र निघतो, बार्नी. किती सुंदर सुरुवात! त्यानंतर एवढ्या मोठ्या खेळात एकाही मुखवट्याखालचा चेहरा तुमच्याशी बोलत नाही. व्याख्यानानंतर कार्यवाहताईंनी उभं राहून यावर प्रश्न विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्यांनी तो विचारायला हवा होता.

गोष्टीचा शेवट? शेवट होत नाही. ऐन मोक्याच्या क्षणी, फ्रीमनला या गावात आणून सोडणारा एक गूढ माणूस काळ थांबवतो आणि फ्रीमनला पुन्हा फडताळात ठेवून देतो. जून २००६ मध्ये पुढचा एक छोटा भाग आला, ऑक्टोबर २००७ मध्ये दुसरा; तो तर एका मृत्यूपाशी येऊन थांबला. तिसरा ठरला होता, तो आलाच नाही. २०२० मध्ये डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायचा ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ आला, पण त्याची कथा ‘हाफ-लाइफ २’च्या आधी घडते. मासिकातली कादंबरी ‘क्रमशः’वर येऊन थांबावी आणि मासिक बंद पडावं, हे आपण पाहिलंय. इथे मासिक जोरात चाललंय, वर्गणीदार वाढताहेत, फक्त ती कादंबरी तेवढी छापत नाहीत.

त्यांनी मागे वळून मात्र पाहिलं. २० वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, बनवणाऱ्यांनी खेळातच जागोजागी स्वतःच्या आवाजातलं निवेदन घातलं: इथे आम्ही असं का केलं, तिथे काय टाकून दिलं. मी ते रात्री जागून ऐकलं. एकेका खोलीवर इतका विचार केलेला असतो, हे ऐकून दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी ‘घर्षण’ पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं. पोरं वैतागली.

आता मागणी. मालेत जागा नको, हार-नारळ नको. कुठल्याही रविवारी दुपारी मंडळाच्या वाचनालयात मी लॅपटॉप घेऊन येतो. पहिला अर्धा तास खेळायचा, तेवढाच. त्यात तुमच्या हातात बंदूक येत नाही, हे लिहून देतो. समितीतल्या एकानं बसावं, शक्यतो अध्यक्षकाकांनी. बाकीच्यांनी मागे उभं राहून सूचना कराव्यात, ते आपल्याकडे उत्तम जमतं. फिरत्या चित्रानं कुणाला गरगरलं तर लगेच थांबायचं, सुरुवातीला तसं होतं कधी कधी. आई येणार आहे. या वेळी कॅन पेटीत टाकणार नाही म्हणते.

खिडकीजवळचा प्लग सैल आहे, गेल्या गणपतीत त्यानंच माइक दोनदा बंद पाडला होता. तेवढा बघून ठेवावा.

आपला,
मंडळाचा एक आजीव सभासद
(यंदाच्या गणेशोत्सवाची वर्गणी भरलेला)